क्विल्टी म्हणजे गिल्टी नव्हे: हृदय प्रत्यारोपणानंतरचा बायोप्सी रिपोर्ट वाचताना

"मॅडम, याच्यात गिल्टी काहून लिहिलं? बाबानं तर एक गोळी चुकवली नाही."

काटोलकडचा एक मुलगा नागपूरला धंतोलीतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर फाइल उघडून उभा होता. वडिलांचं हृदय प्रत्यारोपण चेन्नईला होऊन चार महिने झाले होते. ज्या शब्दाखाली त्यानं निळ्या पेनानं दोन रेघा मारल्या होत्या, तो 'गिल्टी' नव्हता, 'क्विल्टी' होता. ज्या पेशंटच्या बायोप्सीत हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला, त्याचं ते आडनाव. यात गुन्हा कुणाचाच नाही आणि हे रिजेक्शनही नाही, एवढं सांगितल्यावर तो बाकावर बसला आणि मग त्यानं पाणी मागितलं.

मी पॅथॉलॉजिस्ट. मला पेशंट क्वचित दिसतो, त्याचा तुकडा दिसतो. विदर्भातले लोक हृदय बदलायला मुंबईला, चेन्नईला जातात आणि राहायला परत इथंच येतात. मग मेलवर आलेला रिपोर्ट घेऊन ओळखीचा डॉक्टर, ओळखीची लॅब शोधत फिरतात. घरातल्या ज्या माणसाच्या काखेत ती फाइल असते, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. औषधांचा निर्णय ट्रान्सप्लांट टीमचाच; पण ती टीम फोनवर काय विचारते आणि का विचारते, हे कळलं तर फोन अर्ध्या वेळात होतो आणि रात्री झोप लागते.

बायोप्सी मुळात कशासाठी

नवीन हृदय बसवताना त्याच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, कापलेल्या असतात. त्या जोडता येत नाहीत. म्हणून या हृदयाचे ठोके बसल्या जागीही मिनिटाला ९० ते ११० पडतात, आणि म्हणूनच त्याला काही झालं तरी छातीत दुखेलच असं नाही. रिजेक्शन, म्हणजे शरीराच्या पांढऱ्या पेशींनी हे हृदय परकं म्हणून ओळखून त्यावर हल्ला करणं, सुरुवातीला बहुतेकदा गुपचूप चालतं. पेशंट तर्री पोहे मागत असतो आणि आत स्नायूंच्या तंतूंमध्ये लिम्फोसाइट, म्हणजे याच पांढऱ्या पेशी, शिरत असतात. इको नॉर्मल, ईसीजी ठीक. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही, ते याच कारणानं.

केपटाऊनला डिसेंबर १९६७ मध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं, तो पेशंट १८ दिवस जगला. फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी प्रयत्न केला; तो पेशंट काही तासच जगला. त्या काळात रिजेक्शन वेळेवर ओळखायची भरवशाची सोयच नव्हती. १९७३ च्या सुमारास स्टॅनफर्डला फिलिप केव्हज यांनी मानेच्या शिरेतून हृदयात उतरवायचा बारीक चिमटा, बायोप्टोम, वापरात आणला, आणि तिथल्याच मार्गारेट बिलिंगहॅम यांनी तुकड्यात दिसणाऱ्या रिजेक्शनच्या पायऱ्या लावल्या. बिलिंगहॅम पॅथॉलॉजिस्ट होत्या, हे आमच्या जमातीतली माणसं आवर्जून सांगतात, मीही सांगते. भारतात १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांच्या टीमनं देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं.

पहिली पायरी: वेळापत्रक आणि प्रवास

प्रत्येक केंद्राचं वेळापत्रक वेगळं असतं. साधारणपणे पहिला महिनाभर दर आठवड्याला, मग तिसऱ्या महिन्यापर्यंत पंधरवड्यानं, सहाव्यापर्यंत महिन्याला, आणि वर्ष पुरं होईतो दोन-तीन महिन्यांनी एकदा. पहिल्या वर्षात डझनभर बायोप्स्या झाल्या तर घाबरू नका. रिजेक्शनची भीती पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त असते, म्हणून गर्दी तिथं. वर्षानंतर तब्येत स्थिर असेल तर बरीच केंद्रं नेमाच्या बायोप्स्या थांबवतात किंवा खूप विरळ करतात.

सुरुवातीचे महिने पेशंटला त्या शहरातच खोली घेऊन ठेवतात. नंतर नागपूर–चेन्नई किंवा नागपूर–मुंबई फेऱ्या सुरू होतात. इथं एक व्यवहाराची गोष्ट. चेन्नईला जाणाऱ्या जीटी आणि तामिळनाडू एक्स्प्रेस दिल्लीहून येतात. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडलं की त्या नागपूरला किती तास उशिरा पोचतील, याचा नेम नाही. गाडी लेट झाली तरी गोळी लेट होऊ द्यायची नाही. जेवढे दिवस लागतील त्यापेक्षा चार दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या, आणि त्या अंगावरच्या पिशवीत ठेवा. बर्थखालच्या बॅगेत नाही, विमानात सामानात टाकायच्या सुटकेसमध्ये तर नाहीच.

बायोप्सीच्या सकाळी बहुतेक वेळा टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या रोजच्या गोळीची, रक्तातली लेव्हलही काढतात. ती 'ट्रफ' लेव्हल असते, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधीचं रक्त. गोळी आधी घेतली तर आकडा फुगून येतो, आणि त्या खोट्या आकड्यावर कुणी डोस कमी केला तर पंधरा दिवसांनी तुकड्यात त्याची शिक्षा दिसते. म्हणून आदल्या रात्री किती वाजता गोळी घेतली, ते कागदावर लिहून न्या. रक्त काढलं की लगेच सकाळची गोळी. ती पिशवीतच असली पाहिजे, हॉटेलवर नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे केंद्राला आठवडाभर आधी विचारा. स्वतःहून थांबवू नका. काही तास उपाशी राहायला सांगतात. ताप, जुलाब, नवीन औषध, दात काढणं, यांतलं काहीही मधल्या काळात झालं असेल तर नर्सला सांगा. विचारलं नाही तरी सांगा.

दुसरी पायरी: कॅथलॅबमधला अर्धा तास

भूल पूर्ण देत नाहीत. मानेच्या उजव्या बाजूला सुन्न करायचं इंजेक्शन देतात, तिथल्या मोठ्या शिरेत नळी बसवतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत चिमटा हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेतात. कधी जांघेतून जातात. दोन खालच्या कप्प्यांमधल्या भिंतीतून तुकडा तोडताना आत बारीकसा हिसका बसतो, दोन-चार ठोके वेडेवाकडे पडतात. पेशंटला ते कळतं. त्याला आधी सांगून ठेवलं तर तो घाबरत नाही.

एक तुकडा एक ते दोन मिलिमीटर, म्हणजे मोहरीएवढा. असे किमान तीन तरी चांगले तुकडे लागतात. चार-पाच असले तर उत्तम. "एवढे कशाला चिमटे काढतात?" असं पेशंटची बायको हमखास विचारते. त्याचं उत्तर विदर्भात देणं सोपं आहे. पऱ्हाटीच्या वावरात गुलाबी बोंडअळी एका कोपऱ्यात लागते, दुसऱ्या कोपऱ्यातली बोंडं स्वच्छ असतात. एकच झाड तपासून 'अळी नाही' म्हणता येत नाही. रिजेक्शन तसंच, ठिगळा-ठिगळांनी असतं.

धोके आहेत. अनुभवी हातांत गंभीर प्रसंग क्वचित येतात, पण माहीत असावेत. मानेत रक्त साचून गाठ येणं, ठोके बिघडणं, फुप्फुसाला छिद्र, हृदयाची भिंत फुटून भोवती रक्त साचणं, आणि वारंवारच्या बायोप्स्यांनी हृदयाच्या उजव्या बाजूच्या त्रिदल (ट्रायकस्पिड) झडपेला इजा. म्हणून नंतर काही तास झोपवून ठेवतात आणि बऱ्याच ठिकाणी इको करतात. त्या वेळात धाप लागली, चक्कर आली, मान फुगली तर 'थोडं वाट पाहू' म्हणायचं नाही.

तिसरी पायरी: तुकडा आमच्याकडे येतो

तुकडे लगेच फॉर्मालिनमध्ये, आणि तेही खोलीच्या तापमानाला. बर्फात ठेवले तर स्नायू आक्रसतो आणि खोटे पट्टे दिसतात. चिमट्यानं दाबले तर पेशी चिरडतात. मग मेणाचा ब्लॉक, त्यातून केसाहून कितीतरी पातळ काप, वेगवेगळ्या खोलीवरून, गुलाबी-जांभळा रंग. काही केंद्रं एक तुकडा गोठवून वेगळ्या तपासणीसाठी ठेवतात. नेहमीची प्रक्रिया झाली तर एक-दोन दिवसांत रिपोर्ट होतो. तातडी असेल तर त्याच दिवशी.

चौथी पायरी: रिपोर्ट कोणत्या क्रमानं वाचायचा

सगळेजण आधी शेवटची ओळ बघतात. तुम्ही वरून सुरू करा.

पहिल्यांदा नाव, तारीख, ही कितवी बायोप्सी आणि प्रत्यारोपणाला किती दिवस झाले. हे शेवटचे दोन आकडे नसतील तर रिपोर्टचा अर्थ लावणं अवघड होतं. तिसऱ्या आठवड्यातली मेलेली पेशी आणि अकराव्या महिन्यातली मेलेली पेशी, दोघींची गोष्ट वेगळी.

मग तुकडे किती आले आणि किती वाचण्याजोगे होते. तुकड्याचा निम्म्याहून जास्त भाग हृदयाचा स्नायू असला पाहिजे. नुसता जुना व्रण, नुसती रक्ताची गुठळी किंवा नुसती चरबी असलेला तुकडा मोजायचा नाही. 'अपुरा नमुना' असं लिहिलं असेल तर खाली ग्रेड शून्य असली तरी तो शून्य अर्धवट समजा आणि टीमला विचारा: पुन्हा करायची का?

आता ग्रेड. इथं सगळ्यात मोठा गैरसमज आहे, म्हणून जरा थांबते. रिपोर्टवर ०आर, १आर, २आर, ३आर असं असतं. त्यातला 'आर' म्हणजे रिजेक्शन नाही. तो 'रिवाइज्ड', सुधारित, या शब्दाचा आर आहे. हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९० ची जुनी पद्धत २००४ साली बदलली, तेव्हा गोंधळ नको म्हणून हे अक्षर जोडलं. '०आर' वाचून "शून्य रिजेक्शन" म्हटलं तर योगायोगानं बरोबर येतं. पण '१आर' वाचून "एक रिजेक्शन आलं" म्हणत सगळ्या नातेवाइकांना फोन करणारे मी पाहिले आहेत.

०आर: पेशींचं रिजेक्शन दिसलं नाही.

१आर, सौम्य: तंतूंच्या मधे किंवा रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट जमलेत, पण स्नायूला इजा झालेली जागा जास्तीत जास्त एक. हृदयाचं काम ठीक असेल तर यासाठी सहसा वेगळे उपचार करत नाहीत. लेव्हल बघतात, चुकलेल्या गोळ्यांची चौकशी करतात, पुढची बायोप्सी ठरल्या दिवशी.

२आर, मध्यम: पेशींचे जमाव आणि सोबत स्नायूची इजा, अशा दोन किंवा जास्त जागा. इथून उपचारांचा विचार सुरू होतो.

३आर, तीव्र: सगळीकडे पसरलेला दाह, अनेक ठिकाणी मेलेले स्नायू, कधी सूज, रक्तस्राव, वाहिन्यांचा दाह. ही तातडी आहे.

जुन्या फाइलमध्ये १ए, १बी, २, ३ए, ३बी, ४ असे आकडे सापडले तर त्यांची नव्याशी सरळ तुलना करू नका. जुन्या १ए, १बी आणि २, तिघी आता १आरमध्ये बसतात. जुनी ३ए म्हणजे नवी २आर. जुनी ३बी आणि ४ म्हणजे ३आर. जुन्या रिपोर्टवरची 'ग्रेड २' आणि आजची '२आर' यांत औषधांचा फरक आहे, नुसता अक्षराचा नाही.

त्याखाली वेगळी ओळ असते: पीएएमआर. हे दुसऱ्या जातीचं रिजेक्शन, रक्तातल्या अँटिबॉडींमुळे होणारं. यात लिम्फोसाइट तंतूंत शिरत नाहीत. अँटिबॉडी बारीक केशवाहिन्यांच्या अस्तरावर बसतात. ओळखायला सी४डी नावाचा रंग लावतात. पीएएमआर ० म्हणजे काही नाही. १ म्हणजे दोनपैकी एकच पुरावा: नुसता पेशींच्या रूपात बदल असेल तर पुढे 'एच', नुसता सी४डीसारखा रंग लागला असेल तर 'आय'. दोन्ही असतील तर २. रक्तस्राव, फुटलेल्या केशवाहिन्या, सूज असं दिसलं तर ३. इथं तुकड्याबरोबर रक्तही बोलतं: दात्याच्या विरोधातल्या अँटिबॉडींची चाचणी, जिला डीएसए म्हणतात. फाइलमध्ये ती नसेल तर विचारा, शेवटची कधी केली.

आणि मग 'इतर निरीक्षणं', जिथं क्विल्टी असतो. हृदयाच्या आतल्या अस्तराखाली लिम्फोसाइटचा हा गठ्ठा जमतो. कधी अस्तरापुरता, कधी खाली स्नायूत उतरलेला. त्यासाठी रिजेक्शनचे उपचार करत नाहीत. पण तो आम्हाला फसवतो. शिकाऊ होते तेव्हा एका स्लाइडवर स्नायूच्या मधोमध लिम्फोसाइटचं बेट आणि बाजूला दुखावलेले तंतू पाहून मी मोठ्या आत्मविश्वासानं मध्यम रिजेक्शन लिहायला घेतलं होतं. सरांनी ब्लॉक परत मशीनवर चढवायला लावला. आणखी खोलवरचे काप घेतल्यावर ते बेट वर अस्तराशी जोडलेलं निघालं. क्विल्टी होता, तिरका कापला गेलेला. त्या दिवशी रिपोर्ट तसाच गेला असता तर एका माणसाला विनाकारण स्टेरॉइडचे तीन मोठे डोस बसले असते. तेव्हापासून शंका आली की मी खोलवरचे काप मागते आणि तुम्हीही 'डीपर लेव्हल्स पाहिल्या' हे शब्द रिपोर्टवर दिसले तर ते सावधपणाचं लक्षण समजा.

'जुनी बायोप्सीची जागा' म्हणजे मागच्या वेळच्या चिमट्याचा व्रण. चिमटा नेहमी त्याच त्या भिंतीवर जातो, त्यामुळे हे वारंवार दिसतं. 'इस्केमिक इजा' म्हणजे दात्याकडून पेशंटपर्यंतच्या प्रवासात रक्ताविना राहिल्यामुळे मेलेल्या पेशी. पहिल्या काही आठवड्यांत दिसते. 'चरबी' वाचून दचकू नका, उजव्या कप्प्याच्या भिंतीत ती मुळातच असते. मात्र जंतू, विषाणू, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी यांचा उल्लेख असेल तर त्याच दिवशी फोन, कारण तिथं उपचार उलट दिशेनं जातात: रिजेक्शनला प्रतिकारशक्ती दाबायची, संसर्गाला ती थोडी मोकळी सोडायची.

एक गोष्ट बायोप्सीत सहसा सापडत नाही. वर्षानुवर्षांनी नव्या हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या आतून जाड होत अरुंद होतात, ते जुनाट रिजेक्शन. चिमट्यानं त्या वाहिन्या येत नाहीत. त्यासाठी ठरावीक काळानं अँजिओग्राफी करतात. "बायोप्सी छान आली, आता अँजिओग्राफी कशाला?" असा वाद घालू नका.

दुसरं मत घ्यायचं असेल तर

दोन पॅथॉलॉजिस्टांमध्ये मतभेद होतात. ०आरवर कमी, १आर आणि २आरच्या सीमेवर जास्त. दुसरं मत मागण्यात कुणाचा अपमान नाही. पण मोबाइलवर काढलेला रिपोर्टचा फोटो बघून कुणी ग्रेड बदलून देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. काचेच्या मूळ स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागा, सोबत आधीचे सगळे रिपोर्ट. आणि नागपूरच्या मे महिन्यात ते ब्लॉक उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून रामदासपेठेत जेवायला जाऊ नका. ब्लॉकचं मेण साधारण ५५-६० अंशांना वितळतं, आणि ४५ अंशांच्या दुपारी बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही पुढे जातो.

पाचवी पायरी: रिजेक्शन आलंच तर

पहिला प्रश्न ग्रेडचा नसतो, हृदय कसं काम करतंय याचा असतो. इकोवर पंपिंग चांगलं आणि ग्रेड २आर, ही एक गोष्ट. पंपिंग घसरलंय, पाय सुजलेत आणि बायोप्सी मात्र ०आर, ही दुसरी आणि जास्त काळजीची. अशा वेळी टीम तुकड्याच्या भरवशावर न बसता उपचार सुरू करते. ठिगळ चुकवून चिमटा गेला असेल, किंवा रिजेक्शन अँटिबॉडीचं असेल. "रिपोर्ट नॉर्मल आहे तर ॲडमिट कशाला?" याचं उत्तर हेच.

पेशींच्या रिजेक्शनला मोठ्या माणसांत सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून देतात, रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम, तीन दिवस. लक्षणं नसलेल्या २आरला काही ठिकाणी तोंडानं घ्यायचं स्टेरॉइड वाढवतात. ३आर असेल, किंवा हृदय दमलं असेल, तर अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिनही देतात. अँटिबॉडीच्या रिजेक्शनला रक्तातला प्लाझ्मा बदलणं, इम्युनोग्लोब्युलिन, रिटुक्सिमॅब असे वेगळे मार्ग आहेत. सोबत नेहमीच्या गोळ्यांची जुळवाजुळव. मग एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बायोप्सी: विझलं की नाही ते पाहायला. तिला घाबरून ती पुढे ढकलू नका.

त्या तीन दिवसांत साखर चढते, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर आधीच हाताशी ठेवा. आणि संसर्ग टाळायच्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या का, हे डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या, घरी आल्यावर नाही.

सहावी पायरी: नागपुरात घरी

रोज सकाळी एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन. बीपी, नाडी, तापमान. एका वहीत. दोन दिवसांत वजन दोन किलोच्या आसपास वाढलं, पाय किंवा पोट फुगलं, जिना चढताना नेहमीपेक्षा लवकर दम लागला, रात्री उशी वाढवावी लागली, ठोके अनियमित वाटले, किंवा नुसता 'आज काही जीवच नाही' असा थकवा आला तर फोन करा. छातीत दुखण्याची वाट पाहायची नाही. कारण वर सांगितलं आहे.

१०० फॅरनहाइटच्या वर ताप आला तर क्रोसिन देऊन झोपवू नका, आधी फोन. इथं एक जागा घसरायची आहे: कोपऱ्यावरचा ओळखीचा डॉक्टर. त्याची चूक नसते, त्याला माहीतच नसतं. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांनी टॅक्रोलिमसची लेव्हल वर उडते आणि किडनीला बसते. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन दिलं तर लेव्हल खाली कोसळते आणि रिजेक्शनला दार उघडतं. 'ट्रान्सप्लांट पेशंट, टीमला विचारल्याशिवाय नवीन औषध देऊ नये' अशी चिठ्ठी पाकिटात ठेवा आणि दाखवा. गोळ्यांची कंपनीही स्वतःहून बदलू नका. मेडिकलवाला "सेमच आहे" म्हणेल. लेव्हल मात्र वेगळी येऊ शकते. दिवसातून दोनदा घ्यायची कॅप्सूल आणि एकदाच घ्यायची, या तर आपसात बदलायच्याच नाहीत, मिलिग्रॅम सारखे असले तरी.

गुळवेल. आपल्याकडे तापाच्या साथीत दारोदार काढा उकळतो. 'प्रतिकारशक्ती वाढते' हीच त्याची जाहिरात, आणि आपण रोज मूठभर गोळ्या घेऊन तीच दाबतो आहोत. गुळवेल, अश्वगंधा, कुठलंही 'इम्युनिटी' चूर्ण घरात ठेवू नका. पेशंटची आत्या प्रेमानं पाजतेच.

मे महिना हा वेगळाच शत्रू. घाम, कमी पाणी, एखादा जुलाबाचा दिवस, एवढ्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवरचा ताण दाखवणारा रक्तातला आकडा, चढतं. जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हलही वाढते. किती पाणी प्यायचं, याचा आकडा टीमकडून घ्या, कारण प्रत्येकाचा वेगळा. कूलर लावायला हरकत नाही, पण वाळ्याच्या जुन्या ताट्यांत बुरशी धरते आणि टाकीत डास होतात. हंगामाला नव्या ताट्या, टाकी दर आठवड्याला कोरडी, आणि हे काम पेशंटनं करायचं नाही. गोळ्यांचा डबा कूलरच्या झोतात ठेवू नका, तिथं दमट असतं. कॅप्सूल पाकिटातून ऐनवेळीच काढा.

खाण्यात नियम एकच: ताजं, शिजलेलं, गरम. चेन्नईच्या आहारतज्ज्ञ बाईंनी एका पेशंटला "सांबार चालेल" सांगितलं आणि आमच्या वऱ्हाडी माणसानं महिनाभर भाजीवर मूठमूठ कच्चा सांबार भुरभुरला, कोथिंबिरीला आपण काय म्हणतो ते बाईंना कुठून ठाऊक! चार पाण्यांनी धुऊन भाजीबरोबर शिजवला तर आपला सांबारही चालेल.

फाइलचं पहिलं पान

हे आजच करा. एका पानावर: प्रत्यारोपणाची तारीख आणि केंद्र, रक्तगट, चालू औषधं मिलिग्रॅम आणि वेळेसकट, ॲलर्जी, टीमच्या समन्वयकाचा फोन. खाली तक्ता: बायोप्सीची तारीख, तुकडे, ग्रेड, पीएएमआर, त्या दिवशीची टॅक्रोलिमस लेव्हल, इकोवरचं पंपिंग, आणि त्यानंतर औषधांत काय बदललं. लेव्हल आणि ग्रेड शेजारी-शेजारी लिहिल्या की कित्येकदा गोष्ट आपोआप दिसते. पहिल्या दोन महिन्यांत लेव्हल साधारण १० ते १५ ठेवतात, सहा महिन्यांनंतर ५ ते १०. तुमच्या टीमचा आकडा वेगळा असेल तर तोच खरा.

काटोलच्या त्या मुलानं असं पान केलं. तक्त्यात सातव्या बायोप्सीसमोर १आर होती, त्याआधीच्या आठवड्यातली लेव्हल ६, आणि कडेला त्याच्याच अक्षरात 'मामाच्या पोरीचं लग्न, दोन दिवस रात्रीची गोळी अकराला'. टीमनं डोस बदलला नाही, फक्त गोळीची वेळ नवाला बांधून दिली. आठवी बायोप्सी ०आर.

डिसेंबरात तो आंबिया बहराची संत्री घेऊन आला. अर्धी माझ्यासाठी, आणि अर्ध्यांबद्दल विचारायचं होतं: चेन्नईच्या यादीत ग्रेपफ्रूट बंद होतं, मग बाबाच्या स्वतःच्या झाडाचं संत्रं? ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जवळचं आपलं पपनस टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवतात, ते दोन्ही बंदच. नागपुरी संत्र्याची जात वेगळी, सहसा ते मनाईच्या यादीत नसतं. टीमला एकदा विचार, म्हटलं. त्यानं तिथंच उभ्यानं फोन लावला. धुऊन, घरी सोलून, दिवसाला एक, असं ठरलं. रसवंतीचा रस मात्र नाही.